आत्याला नाही म्हणायचं नसतं

५ मे
दवाखान्यातल्या नर्सनं ही डायरी दिली. दिवसभरात जे खाल ते इथे लिहायचं, म्हणजे साखर का चढते ते कळेल म्हणाली. वय बघावं तर मी शिकवायचे त्या शाळेत बारा वर्षांपूर्वी नाक पुसत बसायची, आणि आता मला दम देते. तर घे लिहून. सकाळी दोन पाव, लोणी, चहा. चहात साखर नाही. बरं, एक चमचा. दुपारी अळूच्या पानात नारळाच्या दुधाबरोबर भाजलेलं डब्यातलं मांस. किती ते विचारू नये.

आज नानिसेला मुलगी झाली. नानिसे म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, कितिओनेची बायको. थोरली फिफिता सहा वर्षांची, मधला सामिऊ अडीचचा, आणि आता ही. निरोप आणणारी पोर दारात धापा टाकत होती, तोवर मी कमरेला मानाची चटई गुंडाळून रस्त्यालासुद्धा लागले होते. आमच्या बेटावर बाळाचं नाव आत्याच ठेवते, आणि ह्या बाळाला आत्या मी एकटीच.

मी खोलीत शिरले तसा कितिओने मान खाली घालून बाहेर गेला. मोठी बहीण जिथे आहे तिथे भाऊ ऐसपैस बसत नाही, आणि माझ्या भावाला वळण आहे. खिडकीबाहेरून विचारलंन, "अक्का, नाव?"

"तेलेसिया," मी म्हणाले. ज्या आत्यानं मला वाढवलं तिचं नाव. नानिसेच्या मनात तिच्या आईचं नाव होतं म्हणे. असेल. मला तर ती "छान आहे, वन्सं" म्हणाली, मग झालं.

११ मे
काय खाल्लं ते आठवत नाही. आज पोरीला तेल लावलं. चाफ्याच्या झाडाखाली ऊन चाळून येतं तिथे चटई टाकली आणि मांडीवर घेतलं. मांडीवर घेताक्षणी ताणून आळस दिलान, दोन्ही मुठी कानांपर्यंत. मग शिंकली, आणि आपल्याच शिंकेला दचकून माझ्याकडे असं बघितलंन की जणू शिंकले मीच. मला इतकं हसू आलं की साऱ्या कोंबड्या पळाल्या.

नानिसे शेजारी बसून होती. "वन्सं, दमलात, द्या इकडे," दोनदा म्हणाली. मी कशाला दमते?

२७ मे
आज विणकामाच्या घरात बसलो होतो. चटयांसाठी आणलेल्या केवड्याच्या पात्या ह्या खेपेला राठ निघाल्या आहेत, बोटं सोलून निघतात. आमच्यातली सगळ्यात म्हातारी सेपिउता. तिच्या जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "लुसेआने, तुझ्या घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही. दहा वर्षं झाली विलिआमे जाऊन. भावाला तीन आहेत, एक माग की."

बाया हसल्या. मीपण हसले. पण घरी आल्यावर ते घड्याळ खरंच ऐकू येऊ लागलं.

मला तीनदा दिवस गेले होते. तिन्ही वेळा पाचवा महिना ओलांडला नाही. माझा नवरा, विलिआमे, म्हणायचा, देवाच्या घरी आपली तीन माणसं आहेत. आता चार आहेत. मी हे कुणाला बोलत नाही, इथेही बोलणार नव्हते. नर्सला दाखवायच्या आधी हे पान फाडावं लागेल.

आणि ह्यात वावगं काय? मलाही माझ्या आत्यानं मागूनच घेतलं होतं. माझं काय वाईट झालं? डुकराच्या पिलाचं सगळ्यात मऊ मांस मला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा मला. आई शनिवारी शनिवारी यायची, कुंपणाशी उभी राहायची, हातात काहीतरी खाऊ. "आत ये की," असं आत्या म्हणाली तर यायची, नाहीतर तिथूनच जायची. मी खेळत असायचे. मला कधी काही वाटलं नाही.

१४ जून, रविवार
मागितली.

चर्चनंतर त्यांच्याकडेच जेवले. (भाजलेलं कोनफळ, अळूची पानं, डुकराचं मांस. नर्सबाई, रविवार होता.) कितिओने उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून नाही आणि तोंड करूनही नाही, जसं बसावं तसा. मी म्हणाले, "कितिओने, तुझी धाकटी मला दे."

त्यानं वेळ लावला नाही. "तुमचंच लेकरू आहे, अक्का."

"नानिसे?"

"तुमची मर्जी, वन्सं," ती म्हणाली आणि चूल बघायला गेली. चूल फार धुमसत असावी, परत आली तेव्हा डोळे लाल झाले होते. ओली लाकडं घालतात आणि मग रडतात. मी सांगितलं की आणखी दोन महिने अंगावरचं पिऊ दे, ऑगस्टमध्ये नेईन. मला काय, घाई नाही. किती समजुतीनं झालं सगळं! दुसऱ्या घरांतून अशा वेळी रुसवेफुगवे होतात. आमच्याकडे कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही.

७ जुलै
आमच्या बेटावर जुलै म्हणजे थंडी, ती पडली आहे. देवमासे आले, सकाळी खाडीच्या बाहेर फवारे दिसले.

भावाच्या घरी एक नवीन खेळ सुरू झालाय. मी फाटकाशी दिसले की फिफिता सामिऊला काखोटीला मारते आणि पसार. मग मी, "कुठे गेला गं सामिऊ?" ती हात मागे बांधून उभी, म्हणते, "नाही माहीत." एकदा डुकरांच्या कुंपणामागे, एकदा वाळत घातलेल्या पात्यांखाली. मीही मुद्दाम शोधत नाही. आत्या आली म्हणून पोरांना असा आनंद व्हावा, ह्याहून काय हवं माणसाला?

१९ ऑगस्ट
आणली! माझ्या पलंगाशेजारी झोपली आहे.

मी त्यांना दोन बारीक विणीच्या चटया आणि झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा मोठा तुकडा दिला, कुणी म्हणू नये लुसेआने हात हलवत गेली. नानिसेनं पोरीचे सगळे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवले होते. एवढीएवढीशी झबली, त्यांनाही घड्या. फाटकापर्यंत सोडायला आली. "उजव्या खांद्यावर घेतलं की ढेकर लवकर येतो, वन्सं." मी म्हटलं, मला माहीत आहे. "आणि झोपताना कान हातात लागतो तिला. दुसऱ्याचा. स्वतःचा नाही चालत." मी म्हटलं, बरं. "आणि," म्हणाली, आणि पोरीच्या झबल्याचा बंद पुन्हा बांधलान.

फिफिता आणि सामिऊ कुठे दिसले नाहीत. खेळच चालू असेल.

२३ ऑगस्ट, रविवार
पोरीला पांढरा झगा घालून चर्चला नेलं, पहिल्या बाकावर. काय तो माझा तोरा! पाळकांच्या उपदेशात मध्येच तिनं भोकाड पसरलं. बाटली तोंडाला लावली तर थुंकून टाकते. चार दिवस हेच चाललंय, बाटली बघितली की तोंड फिरवते, मग भूक अनावर झाली की रागारागानं पिते.

मागे वळून बघितलं तर नानिसेचं रविवारचं पोलकं पुढून भिजलेलं. दोन्हीकडे. हात आडवा धरून बसली होती वेडी. काहीतरी सांडवलंन असेल. बाहेर आल्यावर मी बोलले, देवाच्या दारी येताना जरा नीट यावं. "चुकलं, वन्सं," म्हणाली.

२ सप्टेंबर
बाटली घेऊ लागली. आता काय विचारता!

आज डुकरिणीची पिल्लं अंगणातून ओळीनं गेली, शेवटचं धडपडलं, आणि ही हसली. ओठांनी नाही, पोटातून, खळखळून. मी पिल्लाला धरून परत आणलं आणि परत सोडलं. परत हसली. पिल्लू कंटाळलं, आम्ही नाही. मी विणायला गेले नाही, भांडी घासली नाहीत, जेवण म्हणून दोन केळी. नर्स, ह्याला काय म्हणशील?

कान खरंच लागतो. माझा डावा कान आता कायम लाल असतो.

११ सप्टेंबर
नानिसे हल्ली न सांगता येते आणि पोरीचे कपडे धुऊन देते. मी म्हटलं, घरचं काय कमी आहे का तुला? "सवय आहे हाताला," म्हणाली. चांगली आहे बिचारी. फक्त एक, झबली मोजून सात होती ती सहाच भरतात. न धुतलेलं एक कुठे गेलं कोण जाणे.

सुकली आहे मात्र. खातपीत नाही असं कितिओनेनं सेपिउताच्या नातवाजवळ बोलून दाखवलं म्हणे. मी कोनफळं पाठवली.

२४ सप्टेंबर
दुपारी भावाकडे गेले, तेलेसिया माझ्या कडेवर. फाटकाशी फिफिता एकटीच. तिच्या पायांवर राख. मी खेळातल्यासारखं विचारलं, "कुठे गेला गं सामिऊ?" तेवढ्यात मागून कुणीतरी रडलं. स्वयंपाकघरामागे, जमिनीतल्या भट्टीच्या खड्ड्यातून. मी धावले. थंड भट्टी होती, देवाची कृपा, पण वर ओलं गोणपाट टाकलेलं, आणि खाली पोर राखेत पालथं. नाकातोंडात राख. मी त्याला ओढून काढलं, तोंड पुसलं, आणि पोरीवर हात उगारला.

ती हलली नाही. आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, "आत्या, तो अंथरुणात मुततो. रोज. आणि चावतो. आणि भात थुंकतो. तुम्हाला नाही आवडणार तो."

"अगं पण मला कशाला आवडायला हवा?"

"मग मागणार नाही ना?"

मी म्हटलं, कोण मागतंय? ती म्हणाली, "आई म्हणते, आत्यानं मागितलं की द्यायचं. नाही म्हणायचं नसतं."

जुलैपासून. मी फाटकाशी दिसले की दर वेळी. मी म्हणत होते, केवढा आनंद होतो पोरांना.

२५ सप्टेंबर
आज सरळ नानिसेलाच विचारलं. ती माझ्या अंगणात कपडे पिळत होती.

"खरं सांग, पोरगी परत हवी का तुला?"

"असं कसं, वन्सं. तुमच्याकडे सुखात आहे."

"ती सुखात आहे ते मला दिसतंय. तुला हवी का?"

"तुमची मर्जी."

"माझी मर्जी खड्ड्यात गेली! हो की नाही तेवढं बोल."

तिनं हातातला पिळा बादलीत ठेवला, हात पुसले. "वन्सं, तुम्हाला काय ऐकायचंय? तेच म्हणते." हे ती उद्धटपणानं म्हणाली नाही. मनापासून विचारत होती. मला बरं वाटावं म्हणून काय बोलावं, ते तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बावन्न वर्षं झाली, मला कुणी नाही म्हटलेलं नाही. भाऊ नाही, त्याची बायको नाही, शाळेतली पोरं नाहीत, विलिआमेसुद्धा "बघू" म्हणायचा. मी समजत होते, माझं सगळ्यांना पटतं.

२६ सप्टेंबर
सकाळी दार उघडलं तर डुक्कर. कितिओनेकडचं सगळ्यात मोठं, तेलेसियाच्या पहिल्या वाढदिवसाच्या मेजवानीसाठी राखलेलं, माझ्या चाफ्याला बांधलेलं. तो फाटकाबाहेर उभा.

"अक्का, आमच्याकडून काय चुकलं?"

"काही चुकलं नाही रे."

"नानिसे म्हणाली, तुम्ही पोरीला परत पाठवायचं बोलत होतात. तिनं काही उलट उत्तर दिलं का? तिला तुमची माफी मागायला पाठवतो. पोरीला परत नका करू, अक्का, गावात आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

आत्यानं घेतलेलं लेकरू परत केलं म्हणजे त्या घराचं नाक कापलं, हे मला त्यानं सांगायला हवं होतं? मीच गेली तीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. त्याला म्हटलं, डुक्कर घेऊन जा. नेईना. रडवेला झाला. मी त्याला लहानपणापासून रडताना बघितलेलं नाही, आणि आज बघूही शकत नव्हते, त्यानं तोंड फिरवलं होतं.

डुक्कर दिवसभर ओरडतंय. तेलेसियाला त्याचं भारी कौतुक.

२७ सप्टेंबर, रविवार
खालच्या हिरडीत पांढरी कणी दिसते. चमचा लावला तर टक् वाजतो. मी किती वेळा वाजवला ते लिहीत नाही.

ठेवून घेऊ शकते मी हिला. कुणी एक शब्द बोलणार नाही. नानिसेला अजून होतील, तरुण आहे. फिफिता विसरेल. आणखी वर्षभरात ही मला आई म्हणेल. मी प्रार्थनेला बसले आणि देवाकडेही हेच मागितलं, आणि मग वाटलं, तोही बिचारा मला नाही म्हणत नसेल.

मला ती हवी आहे. एवढं कधी काही हवं नव्हतं.

३० सप्टेंबर
तिला घेऊन विणकामाच्या घरात गेले. सगळ्या होत्या, सेपिउताही, नानिसे कोपऱ्यात पात्या चिरत होती. मी मुद्दाम सगळ्यांसमोर गेले. भावाच्या घरावर बोट यायला नको असेल तर मला एकच वाट दिसत होती. जे काही वाईट दिसायचं ते माझं दिसू दे.

मी पोरीला सामानासारखं नानिसेच्या पुढ्यात चटईवर ठेवलं आणि म्हणाले, "घे बाई तुझी तुला. मला झेपत नाही. दिवसभर किरकिर, खायची नाटकं, कान ओढून ओढून जीव नकोसा केलाय. माझ्या म्हातारपणी हे कुणी सांगितलंय? आणि दिसायलाही काय, नाक हे असं बसकं. कुणावर गेलीय कोण जाणे. मला नको."

सेपिउतानं तोंडावर हात ठेवला. मी दारं-खिडक्या बघत उभी राहिले, पोरीकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते. ती मात्र माझ्याकडे बघून हात उचलत होती, ते डोळ्यांच्या कडेला दिसत होतं.

नानिसे उठली. सुरी खाली ठेवलीन, पोरीला उचललंन.

"माझी पोर किरकिरी नाही."

एवढं हळू म्हणाली की मला वाटलं, ऐकायला चुकलं. "काय?"

"नाही म्हणाले, वन्सं." आवाज चढला. "किरकिरी नाही ती. आणि नाक माझ्या आईचं आहे. तिचं नावही माझ्या आईचंच ठेवणार होते मी. तिला नावं ठेवू नका. तुम्ही कुणीही असा, माझ्या पोरीला नावं ठेवायची नाहीत!"

तिचे ओठ पांढरे पडले होते. "अगं, आत्या आहे ती," कुणीतरी कुजबुजलं. नानिसेनं ऐकून घेतलं नाही. माझ्याकडे पाठ केलीन, आत्याकडे पाठ, सगळ्या गावच्या बायांसमोर, आणि पोरीला घेऊन उन्हात चालती झाली.

मला राग यायला हवा होता. मी खांबाला धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं, आणि ते शब्द मला सोन्यासारखे वाटत होते. सेपिउता म्हणाली, "केवढी ही मुजोरी! आणि तू गं, असं बोलवलं तरी कसं तुला?" मी तिला सांगितलं, नानिसेला ह्यावरून जर कुणी एक शब्द बोललं तर माझ्याशी गाठ आहे. माझ्याबद्दल हवं ते बोला.

बोलतीलच. पाषाण बाई म्हणतील. नानिसेही तेच म्हणेल, आणि तिला मी कधी सांगायची नाही.

१ ऑक्टोबर
कितिओने येऊन गेला. फाटकाबाहेर उभा, मान खाली. बायकोच्या वतीनं माफी मागायला आला होता. मी म्हटलं, "माफीबिफी राहू दे. माझी आज्ञा आहे म्हणून सांग तिला, पोरीला अंगावरच घ्यायचं. दूध आटलं असेल तर येईल परत, घेत राहा म्हणावं. आणि डुक्कर ने."

"बरं, अक्का," म्हणाला. डुक्कर नेलंन.

आत्ता दुपारी वारा त्यांच्याकडून येतोय. तेलेसिया रडली, ऐकू आलं. मी बाटलीचं पाणी तापवायला अर्धी उठलेसुद्धा. मग ती गप्प झाली. किती लवकर गप्प झाली. मी परत खाली बसले.